उपवासाचें रताळें आणि दर्यापारचा तराफा

गेल्या आषाढी एकादशीस आमच्या घरीं फराळाचीं पानें मांडलीं होतीं. सहावींत शिकणाऱ्या आमच्या पुतणीनें आपल्या ताटाकडे पाहून एकाएकीं विचारलें, "काका, बटाटा पोर्तुगीजांनीं अमेरिकेहून आणला असें बाईंनीं सांगितलें. मग त्यापूर्वीं लोक एकादशीला काय खात असत?" प्रश्न सरळ होता, परंतु उत्तर देऊं लागतांच त्याला फांटे फुटूं लागले. बटाटा तर परका खराच. पण साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही अमेरिकेचा, खिचडींतील शेंगदाणा अमेरिकेचा, तिच्यांतली हिरवी मिरची अमेरिकेची, राजगिऱ्याचें मूळही तिकडचेंच, आणि शेवटीं तुपांत परतलेल्या रताळ्याच्या गोड फोडी, त्याही तिकडच्याच! वऱ्याचे तांदूळ आणि शिंगाडा एवढीं काय तीं आपलीं जुनीं माणसें पंगतींत उरलीं.

घरांतील मंडळींना हें ऐकून मौज वाटली. परंतु आमचे वडील काका मौजेवर थांबणाऱ्यांपैकीं नव्हेत. ते निवृत्त मुख्याध्यापक असून गेलीं तीस वर्षें त्यांनीं एक जाड वही चालविली आहे. १९४० सालीं प्रसिद्ध झालेलें चमनलाल यांचें 'हिंदू अमेरिका' हें इंग्रजी पुस्तक त्यांच्या हातीं पडलें, तेव्हांपासून प्राचीन भारतीय महासागर ओलांडून अमेरिकेस गेले होते याचे पुरावे ते त्या वहींत टिपून ठेवतात. ते पाटावरूनच म्हणाले, "रताळें तिकडचें कशावरून? अर्जुनानें ज्या उलूपीशीं विवाह केला ती पाताळांतली. तें पाताळ कोणतें? मयासुराच्या नांवाचे लोक अमेरिकेंत कसे? आपल्याच पूर्वजांनीं हा कंद तिकडे नेला नसेल कशावरून?" पुतणी एकदां त्यांच्याकडे आणि एकदां माझ्याकडे पाहूं लागली. तिला शाळेंत याच विषयावर निबंध लिहून न्यावयाचा होता. "मग मी लिहूं काय?" ती म्हणाली. आजोबांचें ऐकावें तर बाई रागावणार, बाईंचें ऐकावें तर आजोबा खट्टू होणार.

तिच्या या अडचणीला उत्तर म्हणून या महिन्याचें सदर लिहीत आहें. कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाहीं. आवडतें मत आणि सिद्ध झालेलें मत यांतील अंतर कसें ओळखावें, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर देण्यास नॉर्वे देशांतील एका हट्टी गृहस्थांच्या चरित्राहून चांगलें साधन मला आढळलें नाहीं.

या गृहस्थांचें नांव थोर हेयरडाल. 'थोर' हें त्यांचें पाळण्यांतलें नांव; तें आपल्या भाषेंतील विशेषण म्हणून कितपत लागू पडतें तें वाचकांनीं लेखाच्या शेवटीं ठरवावें. त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१४ रोजीं लार्विक या बंदराच्या गांवीं झाला. विश्वविद्यालयांत त्यांनीं प्राणिशास्त्र आणि भूगोल यांचा अभ्यास केला. पुराणवस्तुसंशोधनाचें शिक्षण त्यांना कधींच मिळालें नव्हतें. १९३७ सालीं नवपरिणीत पत्नीस घेऊन ते पॅसिफिक महासागरांतील मार्केझस द्वीपसमूहापैकीं फातु हिवा या बेटावर जाऊन राहिले. हेतु होता बेटावर जीवजंतु कसे येऊन पोहोंचले हें पाहण्याचा. पण तेथें राहतां राहतां, माणसें कशीं येऊन पोहोंचलीं, हाच प्रश्न त्यांना छळूं लागला. किनाऱ्यावर बसलें कीं वारा पूर्वेकडून येई, लाटा पूर्वेकडून येत, ढगही पूर्वेकडूनच येत. आणि बेटावरील एका वृद्धानें त्यांना सांगितलें कीं, आमच्या पूर्वजांना येथें आणणारा टिकी हा देव पूर्वेकडूनच आला. पूर्वेस काय आहे? हजारों मैल पाणी, आणि त्याच्या पलीकडे दक्षिण अमेरिकेचा किनारा.

येथें हेयरडाल यांच्या मनांत मत ठरलें. पॉलिनेशिया नांवाच्या या अफाट बेटसमूहांतील पहिले वसाहतवाले आशियांतून आले नसून पेरू देशाकडून तराफ्यांवर बसून आले, असें तें मत होतें. विद्वानांनीं तें हंसण्यावारी नेलें. दक्षिण अमेरिकेंतील लोकांजवळ नौकाच नव्हत्या, फक्त बाल्सा नांवाच्या हलक्या लांकडाचे तराफे होते, आणि ते पाणी पिऊन थोड्याच दिवसांत बुडतील, हा त्यांचा मुख्य आक्षेप. न्यूयॉर्क येथील एका विद्वानानें तर त्यांना आव्हानच दिलें कीं, तसें असेल तर आपणच तराफ्यावर बसून जाऊन दाखवावें. लहानपणीं बुडतां बुडतां वांचलेल्या, पाण्याची धास्ती मनांत बाळगणाऱ्या या मनुष्यानें तें आव्हान शब्दशः घेतलें.

इक्वेडोरच्या अरण्यांत बाल्साचीं झाडें तोडून, त्यांचे नऊ मोठे सोट ताग-दोऱ्यांनीं आवळून, वर बांबूची झोंपडी उभारून हा तराफा सिद्ध झाला. त्यांत लोखंडाचा एकही खिळा नव्हता. 'कॉन-टिकी' हें त्याचें नांव. २८ एप्रिल १९४७ रोजीं पेरूमधील कॅलाओ बंदरांतून पांच नॉर्वेजियन, एक स्वीडिश आणि एक पोपट असे सात प्रवासी निघाले. दोऱ्या लांकडावर घासून पंधरा दिवसांत तुटतील असें भाकीत होतें. घडलें तें उलटेंच. बाल्साचें लांकूड इतकें मऊ कीं दोऱ्याच त्यांत रुतून बसल्या आणि घासण्यापासून सुरक्षित राहिल्या. सोट ओले, चिकानें भरलेले असतांनाच तोडले असल्यामुळें समुद्राचें पाणी आंत शिरण्यास वेळ लागला. रात्रीं उडते मासे तराफ्यावर येऊन पडत. सकाळीं स्वयंपाक करणाऱ्यानें ते वेंचून घ्यावे एवढेंच काम. पोपट मात्र एका लाटेनें वाहून नेला. १०१ दिवसांनंतर, सुमारें ४,३०० मैलांचा प्रवास करून, ७ ऑगस्ट १९४७ रोजीं तराफा तुआमोतु बेटांपैकीं रारोइआ येथील खडकावर आपटला. सहाही जण सुखरूप किनाऱ्यास लागले. त्या प्रवासावर लिहिलेलें पुस्तक जगांतील अनेक भाषांत गेलें, बोलपटास १९५१ सालचें ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि तो तराफा ऑस्लो येथील संग्रहालयांत लोकांस पाहावयास मिळतो.

आतां वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. या धाडसानें सिद्ध काय झालें? तराफा जाऊं शकतो, हें सिद्ध झालें. तराफे गेले होते, हें सिद्ध झालें नाहीं. चूल आहे, लांकडें आहेत, तांदूळ आहेत, एवढ्यावरून काल या घरीं भात शिजला होता असें म्हणतां येत नाहीं. त्याला तळाशीं लागलेली खरवड तरी दाखवावी लागते. आपल्या नैयायिकांनीं धुरावरून अग्नीचें अनुमान सांगितलें, सरपणावरून नव्हे. टाळ्यांच्या कडकडाटांत हा भेद लोक विसरले, आणि स्वतः हेयरडाल यांनाही त्याचें विस्मरण झालें.

खरवड कोठें होती? ती दुसऱ्याच दिशेस होती. मलाया-इंडोनेशियाकडील भाषेंत पांचास 'लिमा' म्हणतात. हवाई बेटांतही 'लिमा'च म्हणतात, आणि न्यूझीलंडच्या माओरी भाषेंत 'रिमा'. डोळ्यास मलायी भाषेंत 'मता', माओरींतही 'मता'. असे एकदोन नव्हे, शेंकडों शब्द आणि व्याकरणाचा सगळा सांगाडा जुळतो. हें भाषाकुल पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस ईस्टर बेटापर्यंत पसरलेलें आहे. बेटांवरील डुकर, कुत्रा, कोंबडी, केळ, फणसासारखें ब्रेडफ्रूट हीं सर्व आशियाकडचीं. लापिता नांवाच्या नक्षीदार मातीच्या भांड्यांचे तुकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे बेटामागून बेटावर सांपडत जातात, आणि सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं ते टोंगा-सामोआपर्यंत पोहोंचलेले दिसतात. राहिला वाऱ्याचा प्रश्न. १९७६ सालीं 'होकुलेआ' नांवाची जुन्या पद्धतीची जोडनौका हवाईहून ताहितीस गेली. माउ पियाइलुग या मायक्रोनेशियन नावाड्यानें होकायंत्रावांचून, नुसते तारे, लाटा आणि पक्षी पाहून ती नेली. वाऱ्याशीं झुंजत पूर्वेकडे सरकण्याची विद्या या लोकांजवळ होती. वाहत जाणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

या वादांत एक गोष्ट अशी आहे कीं ती केवळ विद्वानांची राहत नाहीं. हेयरडाल यांच्या मतांत असें होतें कीं, पेरूंत आणि बेटांत संस्कृति आणणारे मूळ पुरुष गोरे, दाढीवाले होते. म्हणजे ज्या लोकांनीं जगांतील सर्वांत मोठा महासागर होड्यांनीं पादाक्रांत केला, त्यांच्या हातचें श्रेय काढून तें कोणा कल्पित गोऱ्या वंशास द्यावयाचें! टीकाकारांनीं या भागावर कठोर शब्द वापरले, आणि ते योग्यच होते. दुसऱ्याच्या पूर्वजांचा पराक्रम आपल्या आवडत्या वंशाच्या नांवें मांडणें हा हिशेबांतील अफरातफरीचाच एक प्रकार आहे.

तथापि हेयरडाल यांचें खरें मोल त्यांच्या चुकांवरून करूं नये. मत सिद्ध झालें नाहीं म्हणून ते रुसून बसले नाहींत. १९५५-५६ सालीं त्यांनीं शिकलेले पुराणवस्तुसंशोधक बरोबर घेऊन ईस्टर बेटावर मोहीम नेली. त्या बेटावर थरांनुसार पद्धतशीर खणती करण्याचें आणि कालमापनाचें महत्त्वाचें काम त्या मोहिमेनें केलें, हें त्यांच्या विरोधकांनींही मान्य केलें. तेथील पाषाणाचे प्रचंड पुतळे कसे उभे केले असतील याविषयीं यूरोपांत तर्कांचे डोंगर झाले होते. हेयरडाल यांनीं बेटाच्या मुख्याधिकाऱ्यास विचारलें. त्यानें बारा माणसें घेतलीं, लांकडाच्या तरफा आणि दगडांची भर एवढ्याच साधनांनीं अठरा दिवसांत पडलेला पुतळा उभा करून दाखविला. आजवर हें कोणास सांगितलें कां नाहींत, असें विचारतां तो म्हणाला कीं, आजवर कोणी विचारलेंच नाहीं. मोठमोठ्या ग्रंथांना जें कळलें नाहीं तें त्या घरच्या माणसास ठाऊक होतें.

आतां आपल्या ताटांतील रताळ्याकडे वळूं. रताळें हा मूळचा अमेरिकेचा कंद, याविषयीं वनस्पतिशास्त्रांत वाद नाहीं. परंतु १७६९ सालीं कॅप्टन कूकच्या जहाजावरील वनस्पतिशास्त्रज्ञ पॉलिनेशियांत उतरले तेव्हां तेथें रताळ्यांची लागवड चालूच होती. आणि कूक बेटांपैकीं मांगाइआ येथील खणतींत जळून कोळसा झालेलें रताळें सांपडलें, तें कोलंबसाच्या कित्येक शतकें आधींचें, सुमारें इ. स. १००० च्या काळचें ठरलें. माओरी लोक रताळ्यास 'कुमारा' म्हणतात, आणि दक्षिण अमेरिकेंतील केचुआ भाषेच्या कांहीं बोलींत त्यास 'कुमर' म्हणतात. हें मीं वाचून दाखवितांच आमचे काका उठून बसले. "कुमार! हा तर आपला संस्कृत शब्द!" वही काढण्यापूर्वींच मीं त्यांना विनंति केली, "काका, एका शब्दाच्या साम्यावर घर बांधूं नये. तेथें शब्दाबरोबर वस्तु आहे, वस्तूबरोबर जळलेला पुरावा आहे. आपल्या 'कुमारा'बरोबर काय आहे?" काकांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं, पण वहीही उघडली नाहीं.

रताळ्याचें बीं पाण्यावरून वा पक्ष्यांकडून आपोआपही गेलें असेल, असें म्हणणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. परंतु माणसाच्या रक्तांतील साक्ष बियांसारखी वाहत जात नाहीं. २०२० सालीं १७ बेटांवरील आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील मिळून ८०७ व्यक्तींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, इ. स. १२०० च्या सुमारास पूर्व पॉलिनेशियांतील लोकांचा आणि आजच्या कोलंबिया देशाच्या बाजूकडील मूळ अमेरिकनांचा शरीरसंबंध घडला होता. २०२४ सालीं ईस्टर बेटावरील पंधरा प्राचीन व्यक्तींच्या अस्थींची अशीच परीक्षा झाली. त्यांच्या वंशांत सुमारें दहावा हिस्सा अमेरिकन निघाला, आणि तें मिश्रण इ. स. १२५० ते १४३० च्या दरम्यानचें ठरलें. म्हणजे कोलंबसाच्या आधीं भेट झाली होती! हेयरडाल १८ एप्रिल २००२ रोजीं वारले. त्यांना हें पाहावयास मिळालें नाहीं. 'संबंध होता' हें त्यांचें म्हणणें खरें ठरलें; 'हेच मूळ पुरुष' हें खोटें ठरलें. शिवाय पेरूहून कोणी तिकडे गेले कीं बेटांवरचे कुशल नावाडीच अमेरिकेचा किनारा गांठून परत आले, हा प्रश्न अद्याप मोकळा आहे. आणि नावाड्यांची विद्या पाहतां दुसऱ्या पक्षाचें पारडें जड वाटतें.

याच देशांतील दुसऱ्या एका हौशी संशोधकाची हकीकत येथें थोडक्यांत सांगितली पाहिजे. हेल्गे इंगस्टाड हे पेशानें वकील. वकिली सोडून ते उत्तरेकडील अरण्यांत भटकले. नॉर्स लोकांच्या जुन्या कथांत पश्चिमेकडील 'विनलंड' देशाचें वर्णन आहे. तो देश शोधण्याचें त्यांनीं मनांत घेतलें. १९६० सालीं ते कॅनडांतील न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोंकास गेले आणि वाटेंत भेटेल त्यास, येथें जुने घरांचे चौथरे कोठें आहेत काय, असें विचारीत सुटले. लान्स ओ मेडोज या कोळ्यांच्या वस्तींत जॉर्ज डेकर या रहिवाशानें त्यांना गवतानें झांकलेले उंचवटे दाखविले. परंतु इंगस्टाड यांनीं तेवढ्यावर ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांच्या पत्नी आने स्टीने या शिकलेल्या पुराणवस्तुसंशोधक होत्या. त्यांच्या देखरेखीखालीं १९६१ ते १९६८ पर्यंत खणती झाली. घरांचे पाये निघाले, लोखंडाचे खिळे निघाले, अंगावरील वस्त्र अडकविण्याची कांशाची टांचणी निघाली, आणि दगडी चातीचा मणि निघाला. या चातीकडे आमच्या भगिनींनीं विशेष लक्ष द्यावें. सूत कातण्याचें काम नॉर्स घरांत स्त्रियांचें असल्यामुळें त्या एवढ्याशा मण्यानें त्या दूरच्या किनाऱ्यावर बायका आल्या होत्या अशी साक्ष दिली. २०२१ सालीं तेथील लांकडाच्या वलयांवरून झाडें इ. स. १०२१ मध्यें तोडल्याचें निश्चित झालें. हेयरडाल यांनीं आधीं निष्कर्ष काढला आणि मग पुरावा हुडकला. इंगस्टाड यांनींही कल्पनेपासूनच आरंभ केला, पण निकाल कुदळीच्या हातीं सोपविला. हौस दोघांचीही सारखीच. शिस्तींत अंतर पडलें.

आतां काकांच्या वहीविषयीं. तींत होंडुरासमधील कोपान येथील एका माया शिल्पस्तंभाचें चित्र आहे. त्यावर हत्ती आणि माहूत कोरले आहेत, म्हणून भारतीय तेथें गेले होते, असें एलियट स्मिथ या शरीरशास्त्रज्ञानें १९२४ सालीं एका ग्रंथांत मोठ्या आवेशानें मांडलें होतें. पुढें बारकाईनें पाहतां त्या सोंडा नसून तिकडील मकाव नांवाच्या मोठ्या पोपटाच्या चोंची आहेत असें ठरलें. आमच्या पूर्वजांचें समुद्रगमन खोटें होतें असा याचा अर्थ नव्हे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ति सांपडली. ती तेथील संग्रहालयांत आहे. सिंधुसंस्कृतीचे शिक्के इराकांत ऊर नगरींत सांपडले. हे पुरावे जमिनींतून निघाले आहेत, ओढून आणलेले नाहींत. ज्या पूर्वजांजवळ अशी खरी संपत्ति आहे त्यांना उसने हत्ती कशाला पाहिजेत? शिवाय ज्यांनीं कोपान उभारलें ते लोकही कोणाचे तरी पूर्वज आहेत, आणि त्यांचे वंशज आजही मध्य अमेरिकेंत त्यांच्या भाषा बोलत नांदत आहेत. गोऱ्या दाढीवाल्यांच्या कथेवर आपण ज्या न्यायानें रागावतों, तोच न्याय आपल्या मयासुराच्या कथेलाही लागू पडतो.

हें सर्व मीं काकांना एकाच बैठकींत सांगितलें असें मात्र नाहीं; वडील माणसांशीं असें बोलावयाचें नसतें. चार संध्याकाळीं थोडें थोडें वाचून दाखविलें. पहिले दोन दिवस ते अबोल राहिले. तिसरे दिवशीं त्यांनीं पोपटाच्या चोंचीचें चित्र पाहावयास मागितलें आणि चष्मा पुसून बराच वेळ पाहिलें. चौथे दिवशीं नातीस बोलावून तिच्याकडून पट्टी मागून घेतली, आणि वहींतील प्रत्येक कोऱ्या पानाच्या मधोमध एक रेघ मारली. डावीकडे 'साधक', उजवीकडे 'बाधक'. "तीस वर्षें मीं एकच बाजू लिहिली," एवढेंच ते म्हणाले. पुतणीनें निबंधांत काय लिहिलें तें मला नंतर कळलें. रताळें अमेरिकेचें, तें पॉलिनेशियांत कोलंबसाच्या आधीं पोहोंचलें, आणि आपल्याकडे पोर्तुगीज दर्यावर्दी येऊं लागल्यानंतर आलें, असें तिनें लिहिलें. आणि शेवटीं स्वतःचें एक वाक्य जोडलें कीं, आमच्या आजोबांचें मत निराळें होतें, पण ते आतां दोन्ही बाजू लिहितात.

पुढच्या एकादशीस रताळ्याच्या फोडी पानावर पडतील, तेव्हां वाचकांनीं आपापल्या घरींही ही हकीकत सांगावी. कंद परका म्हणून उपवास मोडत नाहीं.